बोगद्यात काय होतं

बहार बागेतली झुकझुक गाडी बंद होणार, ही बातमी इतवारा पेठेत पोचली आणि बऱ्हाणपुरातल्या निम्म्या संसारांना एकदम गलबलून आलं. खरं म्हणजे गेल्या कित्येक वर्षांत त्या गाडीत बसायला कुणी फारसं फिरकलं नव्हतं. डब्यांचा रंग उडाला होता, छतांना गंज चढला होता आणि रविवारी बागेत आलेली पोरं गाडीकडे पाठ करून मोबाइलमध्ये डोकं घालून बसत. पण पाडणार म्हटल्यावर जो तो गाडीवर हक्क सांगायला लागला. आपल्याकडे जिवंतपणी विचारायचं नाही आणि तिरडी बांधली की खांदा द्यायला भांडायचं, तशातला प्रकार.

बाग होती निंबोल्याच्या रस्त्याला. सुकलालशेठांनी पस्तीसेक वर्षांपूर्वी केळीचं वावर मोडून ती उभी केली, तेव्हा लोकांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. मधोमध सिमेंटचा सातपुडा, त्याच्या माथ्यावर असीरगड, उतारावर वाघ, हत्ती आणि एक झरा. या डोंगराला वळसा घालून तीन डब्यांची छोटी गाडी धावायची आणि शेवटी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यात शिरायची. बोगद्यात शेठांनी खास कारागीर बसवून देखावे करून घेतले होते. बाग पोरांसाठी होती, पण गावाने तिचा भलताच उपयोग शोधून काढला.

घरी मुलगी पाहायला माणसं बोलावली की साऱ्या आळीला कळतं, आणि जमलं नाही तर तीच आळी पुढे वर्षभर विचारत राहते. बागेत तसं नव्हतं. दोन कुटुंबं योगायोगाने फिरायला आली होती, असं म्हणायची सोय होती. मग वडीलधारी पुढच्या डब्यात बसत, मुलगा आणि मुलगी मागच्या डब्यात. एक फेरी व्हायची. गाडी चालवणारा सुपडू आरशातून मागे लक्ष ठेवून असायचा. बोगद्यापर्यंत दोघांपैकी कुणी तोंड उघडलं नसेल, तर तो बोगद्यात गाडी थांबवून "इंजिन गरम झालं" म्हणून ओरडायचा आणि विडी ओढत खाली उभा राहायचा. फेरी संपली की मुलाकडच्यांनी मावा जिलेबीचा पुडा उघडला तर होकार. नाही उघडला तर सगळे उन्हाळ्यावर आणि केळीच्या भावावर बोलत फाटकापर्यंत जायचे.

त्यातून एक नियमही निघाला. जिचं लग्न त्या गाडीत जमलं, तिने पुन्हा त्या गाडीत पाय ठेवायचा नाही. दुसरी फेरी घेतली की जमलेलं उलटतं, असं कुणा सोजरबाईने कधीतरी ठोकून दिलं आणि गावाने ते शास्त्र म्हणून घेतलं. पुढे पोरंबाळं झाल्यावर बाप पोरांना घेऊन गाडीत बसायचा आणि आई चपला-पिशव्या सांभाळत बाकावर. पुरुषांनी दोनदा, चारदा, दहादा बसलेलं चालत होतं. असले नियम पुरुषांना लागू करायचं कुणाच्याच लक्षात येत नाही.

सुलभा मात्र त्या गाडीत पुष्कळदा बसली होती. कन्याशाळेत मराठी शिकवणारी, बावन्न वर्षांची, आई गोदाबाईंसोबत इतवाऱ्यात राहणारी. लग्नाच्या वयात तिला इतक्या वेळा त्या मागच्या डब्यात बसवलं गेलं की शेवटी शेवटी सुपडू तिला रोजच्या बसमधल्या पाशिंजरासारखं "या ताई" म्हणायचा. जिलेबीचा पुडा काही उघडला नाही. कधी पत्रिका आडवी आली, कधी उंची, कधी तिची नोकरी. त्याचं दुःख तिने केव्हाच आवरून ठेवलं होतं. आपला पगार, आपली शाळा, आपलं घर, यात तिचं बरं चाललं होतं, आणि कुणी हळहळायला लागलं की तिला त्या माणसाचीच कीव यायची.

पण या बातमीने तिला दुसरंच काहीतरी आठवलं. दर वेळी घरून निघताना गोदाबाई बजावायच्या, "मान खाली ठेवजो. पोरगी वर पाह्यली त लोक चावट म्हणतात." आणि सुलभाने मान खाली ठेवली होती, अगदी प्रत्येक फेरीत. तिला आठवत होत्या त्या साड्यांच्या काठांच्या नक्ष्या, स्वतःची नखं आणि मुलांचे बूट. मुलगे तिला बुटांवरूनच लक्षात होते. पुढे शाळेच्या सहलीही बहार बागेत गेल्या, पण तेव्हा ती फाटकाशी डबे राखत बसली. त्या गाडीत पुन्हा बसून लोकांना आठवण कशाला द्या, असं तिला वाटायचं. आता तिच्या ध्यानात आलं की इतक्या वेळा आपल्याला त्या बोगद्यातून नेलं, आणि बोगद्यात काय आहे ते आपल्याला माहीत नाही. सोमवारी पाडायचं मशीन येणार होतं. ते यायच्या आत तिला एकदा बोगदा पाहायचा होता. ज्यांनी नकार दिला त्यांच्यातला एकही तिला कधी इतका हवासा वाटला नव्हता.

आणि त्याच आठवड्यात सुकलालशेठांचा मुलगा विपुल तिच्या घरी आला. शेठ गेल्यापासून बाग तोच पाहायचा. मोठा आकाशपाळणा, लाटांचा तलाव आणि बर्फघर, असा त्याचा बेत होता. मे महिन्यात बऱ्हाणपुरात बर्फ, या कल्पनेने तो स्वतःच थरारून गेला होता.

"म्याडम, रविवारी गाडीचा निरोप समारंभ ठेवला हाये," तो म्हणाला. "माइक तुम्हीच सांभाळा. गावात तुमच्यासारखं बोलणारं दुसरं हायेच कोण?"

"आणि गाडीत कोण बसणार?"

"सिर्फ कपल्स. ज्यांचं लग्न गाडीत जमलं, तेच. थीम तशी हाये ना. सगळ्यांना घेता येत नाही म्याडम, इंजिन की हालत खराब है. सुपडूकाका म्हणतात एक चक्कर पक्का, दुसऱ्याची गॅरंटी नाही."

"मला बसता येईल?"

विपुल हसला. म्याडम गंमत करताहेत असं त्याला वाटलं. "तुम्ही त माइकवर ना म्याडम! तुम्ही बसल्या तर प्रोग्राम कोण चालवणार?"

सुलभाला राग आला. त्या पोराला काही ठाऊक नव्हतं, तो तेव्हा नीट चालतही नसेल, हे कळत असूनही आला. तिने त्याला चहा दिला आणि सूत्रसंचालनाला हो म्हटलं. तो गेल्यावर ती आईला म्हणाली, "मला तो बोगदा पाहायचाय."

गोदाबाई तूर निवडत होत्या. "कितीक डाव त गेली तू त्याच्यातून."

"गेले. पाहिला कुठे?"

गोदाबाईंचा हात थांबला. मग त्या म्हणाल्या, "काय पाह्यासारखं हाये त्याच्यात? सिमिटाचा वाघ," आणि पुन्हा निवडायला लागल्या.

रविवारी दुपारपासून बागेत गर्दी लोटली. खकनारपर्यंतची जोडपी आली होती. गाडीला झेंडूच्या माळा, फलाटावर सतरंज्या, जिलेबीवाल्याची कढई आणि विपुलने भाड्याने आणलेला एक कर्कश्श भोंगा. बायका लग्नातल्या साड्या नेसून आल्या होत्या. उलटण्याचं काय, असं कुणी विचारलं तर त्या म्हणत, आता गाडीच राहणार नाही, उलटून उलटून काय उलटणार! पुरुष एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते आणि गाडी पाडू नये असं तावातावाने सांगत होते. त्यांतल्या कुणी शेवटचं तिकीट कधी काढलं होतं, हे विचारण्याची सोय नव्हती.

सर्वांत तावातावाने बोलत होता योगेश, इतवाऱ्यातला कापडवाला. हाही एकदा सुलभाच्या शेजारी बसून गेला होता. तपकिरी बूट, एका बुटाची नाडी सुटलेली. फेरीभर ती नाडी पाहून सुलभाच्या जिवाची तगमग झाली होती, आणि याने मात्र घरी जाऊन मुलगी फार गंभीर आहे असा निरोप धाडला होता. पुढे दोन महिन्यांनी त्याच डब्यात त्याचं मृणालशी जमलं. आता त्याला पोट सुटलं होतं आणि मृणाल त्याच्याशेजारी जरीच्या साडीत घामेजून उभी होती.

सुपडू इंजिनाखाली शिरून काहीबाही ठोकत होता. त्याला वेळ लागणार असं दिसल्यावर विपुल सुलभाच्या कानाशी आला. "म्याडम, तोवर क्विझ घ्या. गाडीवरच प्रश्न विचारा. मजा येईल."

सुलभाने विचारायला सुरुवात केली. डोंगरावर कुठला किल्ला आहे, हे सगळ्यांनाच येत होतं. झऱ्यापाशी कोण पाणी पितंय? "हरिण!" पुरुष ओरडले. मग तिने विचारलं, "बोगद्यात शिरल्यावर डाव्या हाताला काय आहे?" हे उत्तर तिला खरोखरच हवं होतं.

"राणीचं हमाम!" "नाही नाही, माकडं!" "माकडं उजवीकडे!" पुरुषांत जुंपली. विपुलने मागून सुचवलं, "आता फक्त लेडीज." सुलभाने माइक बायकांकडे वळवला. "आता फक्त ताई-वहिनींनी सांगायचं. बोगद्यात काय काय आहे?"

कुणी बोलेना. लाजत असतील असं वाटून सुलभाने पुन्हा विचारलं. पुढच्या रांगेतल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. शेवटी ती मृणालपाशी गेली. "मृणालताई, तुम्ही सांगा."

"मले नाही माहीत म्याडम," मृणाल माइकमध्ये म्हणाली. "मी कुठी पाह्यलं? मी त खाली पाहत होती."

हशा झाला. योगेश सर्वांत मोठ्याने हसला. "अहो, हिला मी बोटानं दाखवत होतो ना सगळं!"

"दाखवत होते तुम्ही. मी पाहत नव्हती. तुमची आई पुढच्या डब्यात समोर बसली होती."

"मग नंतर?"

"नंतर कधी? तुम्ही पोरांले घेऊन बसायचे, मी पिशव्या धरून बसायची."

आता हशा थोडा कमी झाला. मृणालच्या मागून कोकिळा नावाची बाई म्हणाली की तिने वाघाचं शेपूट पाहिलं होतं, पण तेवढ्यात पुढच्या डब्यातून मागे वाकून मावशीने चिमटा काढला. एक म्हणाली, मी पदराची गाठ मारत होती, सोडत होती. एक म्हणाली, मी त डोळेच मिटले होते, चक्कर येत होती भीतीनं. एकेक करत माइक फिरत गेला आणि फलाटावर एक साधी गोष्ट उघडी पडली. ज्या गाडीला निरोप द्यायला एवढी माणसं जमली होती, तिचा बोगदा त्यांतल्या एकाही बाईने पाहिला नव्हता.

सुलभा माइक हातात घेऊन उभी राहिली. तिला वाटलं होतं की मान खाली घालून रिकामी परतलेली ती आपण एकटीच. जिच्या घरी जिलेबी आली तिने तरी काहीतरी पाहिलं असेल, हे तिने इतकी वर्षं गृहीतच धरलं होतं. तिला हसू आलं आणि पाठोपाठ संतापही आला.

तेवढ्यात इंजिन धडधडायला लागलं आणि सुपडूने हात वर केला. जोडपी पुढे सरकली.

"थांबा," सुलभा माइकवर म्हणाली. शाळेत ती याच आवाजात रांगा लावायची. "ही फेरी बायकांची. फक्त बायकांची. आणि मीही बसणार आहे."

विपुल धावत आला. "म्याडम, जोडप्यांचं अनाउन्स केलं हाये. दुसरी फेरी होईल की नाही, गॅरंटी नाही ना!"

"म्हणूनच ही."

"मग आम्ही काय करायचं?" योगेशने विचारलं.

"पिशव्या धरा," मृणाल म्हणाली, आणि आपली पर्स त्याच्या हातात देऊन डब्यात चढली. मग काय विचारता! बायकांची झुंबड उडाली. तीन डब्यांत मावल्या तेवढ्या बसल्या, काही एकमेकींच्या मांडीवर. गोदाबाई बाकावर बसून होत्या. सुलभाने हात पुढे केला, पण त्यांनी मान हलवली. "माह्ये गुडघे नाही उठत. तू जाय." सुलभाने माइक विपुलकडे दिला आणि ती मागच्या डब्यात मृणालच्या शेजारी बसली.

गाडी निघाली. सुलभाने मान वर केली. वयाच्या बावन्नाव्या वर्षी, शाळेतल्या पोरींना कणा ताठ ठेवायला शिकवणाऱ्या बाईला ती मान वर ठेवायला जोर लावावा लागला. डोंगर जेमतेम शाळेच्या भिंतीएवढा होता. असीरगडावर कबुतरांनी घरटी केली होती. झरा आटला होता आणि हरणं कोरड्या सिमेंटला तोंड लावून उभी होती. "हाच का तो वाघ!" कोकिळा पुढच्या डब्यातून ओरडली. "ह्याच्यासाठी चिमटा खाल्ला मी!" साऱ्या गाडीत हशा पिकला आणि सुलभाला हायसं वाटलं. एवढंच असेल तर आपलं फारसं काही गेलं नाही.

मग गाडी बोगद्यात शिरली.

आत दिवे लावलेले होते. छतभर आरशाचे बारीक तुकडे बसवले होते आणि ते सगळे लुकलुकत होते. डावीकडे हमाम होतं. हौदात निळ्या काचेचं पाणी, भिंतींवर वेलबुट्टी, आणि हौदाच्या काठावर रेलून बसलेली राणी. नाकाचा टवका उडालेला, पण डोळे टपोरे रंगवलेले. उजवीकडे झाडावर माकडांची टोळी, त्यातलं एक ढोलकी वाजवणारं. पुढे केळीची बाग, इतकी हुबेहूब की मृणालने हात बाहेर काढून एका घडाला शिवून पाहिलं. सुपडूने कुणी न सांगता गाडी थांबवली. आज तो काहीच ओरडला नाही, खाली उतरून नुसता उभा राहिला.

सुलभा छताकडे पाहत राहिली. चांगलं होतं. कुणीतरी जीव ओतून केलेलं होतं, आणि म्हणूनच तिला रडू आलं. टाकाऊ असतं तर सोपं गेलं असतं. हे एवढं सगळं डोक्यावर लुकलुकत होतं आणि ती खाली बसून नाड्या मोजत होती, एकदा नव्हे, दर वेळी. तिने डोळे पुसले नाहीत, कारण पुसले असते तर तेवढा वेळ पाहायचं राहिलं असतं. मृणालने तिचा हात धरला. "म्याडम," ती हळूच म्हणाली, "हे बोटानं दाखवत होते, तवा एकदा तरी पाह्याले पाहिजे होतं मी."

"हो," सुलभा म्हणाली. "मीही."

गाडी फलाटाला लागली, इंजिनाने दोन आचके दिले आणि ते बंद पडलं ते पडलंच. दुसरी फेरी होणार नव्हती. पुरुषांनी ओरडा केला, पण पर्स हातात असताना माणसाला फार जोरात ओरडता येत नाही. मग तोच ओरडा दुसरीकडे वळला. गाडी राहू द्या, बोगदा तरी राहू द्या! योगेश म्हणाला, नवीन इंजिन आणू, लोकवर्गणी काढू. आपल्या पोरींची लग्नं जमायचीत अजून! बऱ्याच जणांनी टाळ्या वाजवल्या.

विपुल गोंधळला. तो सुलभाजवळ आला. "म्याडम, पब्लिक इमोशनल हो गयी है. गाडी ठेवू काय? बर्फघर सरकवता येईल मला, आकाशपाळणा मात्र रद्द करावा लागेल. तुम्ही माइकवर बोला, तुम्ही म्हणाल ते लोक ऐकतील."

त्याने माइक तिच्या हातात दिला. सुलभाच्या डोळ्यांत अजून पाणी होतं. बोगदा तिला फार आवडला होता. पाडू नका, एवढे दोन शब्द तिच्या तोंडाशी आलेही. मग तिने योगेशकडे पाहिलं. पोरींची लग्नं, तो म्हणाला होता. गाडी राहिली की फेरी राहणार, आणि फेरी राहिली की मागच्या डब्यात कुणाची तरी लेक बसणार, घरून निघताना तिला तेच बजावलेलं असणार.

"विपुल," तिने विचारलं, "त्या पाळण्यात बसलं की तोंड कुठे असतं?"

"बाहेर म्याडम. चारो तरफ काच."

"आणि पुढे वडीलधारी बसायची सोय?"

"नाही म्याडम. एकेक डबा वेगळा. वर गेला की खालचे लोक मुंगीएवढे."

"काय काय दिसेल?"

"सगळं दिसेल. ताप्ती, असीरगड, निंबोल्याचे केळीचे बाग."

सुलभाने माइक तोंडाशी धरला. "आमचं पाहून झालं," ती म्हणाली. "फार सुंदर आहे. उद्या पाडा."

बायकांतून कोकिळेने टाळी वाजवली, पाठोपाठ मृणालने, आणि विपुलला निर्णय कळला.

गर्दी पांगल्यावर सुलभा बाकापाशी गेली. गोदाबाई मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या. त्यांनी लेकीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कसा होता?"

"तू तर पुढच्या डब्यात असायचीस," सुलभा म्हणाली. "तुला कुणी मान खाली घालायला सांगितलं नव्हतं. तू पाहिलाच असशील की!"

"म्या?" गोदाबाई म्हणाल्या. "म्या कुठी पाह्यलं बाई. म्या त मुलाच्या मायच्या तोंडाकडे पाहत बसायची सारा वेळ. तिले तू पसंत पडली का नाही, ते."

सुलभा आईशेजारी बसली. समोर विपुल गाडीवरच्या झेंडूच्या माळा उतरवून घेत होता. मग गोदाबाईंनी तिला कोपराने ढोसलं.

"त्या पाळण्यात गुडघे वाकवा लागते का, इचार त्याले," त्या म्हणाल्या. "नसतीन वाकवा लागत, त दोन जागा सांगून ठेव."